आकडा, तुलना आणि रोगी
हृदयरोगाच्या उपचारांवरील संशोधनाचे एक परीक्षण

१

वैद्यकातील संशोधनाचे परीक्षण करण्याचा अधिकार वैद्यांचाच, अशी एक समजूत आहे आणि ती बव्हंशी योग्यही आहे. कोणते औषध किती मात्रेने द्यावे, कोणत्या रोग्यावर शस्त्रक्रिया करावी, हे ज्याने त्या विद्येचे अध्ययन केले आहे त्यानेच सांगावे. परंतु एखाद्या उपचाराविषयी जे विधान केले जाते ते विधान आणि त्याच्या समर्थनार्थ जो पुरावा पुढे ठेवला जातो तो पुरावा, यांचा सांधा कितपत जुळतो, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो तर्काचा प्रश्न होतो, भाषेचा होतो आणि काही अंशी समाजशास्त्राचाही होतो. म्हणूनच आपल्यासारख्या विद्यापीठीय विभागाच्या पत्रिकेत त्याची चर्चा करण्यास हरकत नसावी.

या चर्चेस निमित्त आपल्या परिसरातच आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात हृदयरोग हा आता घरोघरच्या संभाषणाचा विषय झाला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, रेल्वेच्या डब्यांतील जाहिरातींत आणि इमारतींच्या आवारात भरणाऱ्या आरोग्यशिबिरांत 'संशोधनाने सिद्ध झालेले' हे शब्द वारंवार कानी पडतात. एक पक्ष सांगतो की, धमनीत सत्तर टक्के अडथळा आहे, तो तत्काळ काढलाच पाहिजे. दुसरा पक्ष सांगतो की, काढ्याने, बस्तीने किंवा आसनांनी तोच अडथळा विरघळतो, शस्त्रक्रियेचे कारणच नाही. दोघेही संशोधनाचा हवाला देतात. निर्णय मात्र घ्यावा लागतो रोग्याच्या मुलाने किंवा पत्नीने, आणि तोही पुष्कळदा एका रात्रीत, ठेवी मोडण्याचा हिशेब करता करता. अशा प्रसंगी संशोधन कसे वाचावे याचे किमान ज्ञान नसणे हे केवळ बौद्धिक उणेपण नव्हे. त्याची किंमत पैशात आणि क्वचित प्राणातही मोजावी लागते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. उपचारविषयक संशोधनाचे मोल त्याच्या निष्कर्षाच्या मोठेपणावरून ठरत नाही. ते तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरते. मोजले काय? तुलना कोणाशी केली? आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला ते रोगी कोण होते? हे प्रश्न आधुनिक उपचारांना आणि परंपरागत उपचारांना सारख्याच कठोरपणे विचारले पाहिजेत. एकाला सवलत आणि दुसऱ्याला चौकशी, हा परीक्षकाचा धर्म नव्हे.

२

पहिल्या प्रश्नाचा विचार मुंबईतील एका निबंधापासून करणे उचित होईल. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरील निबंध प्रसिद्ध झाला. सर्पगंधा ही आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक असलेली वनस्पती. उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरील तिचा परिणाम गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवला होता. वकील यांनी तिच्या मुळीच्या गोळ्या रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी पद्धतशीरपणे मांडल्या. या निबंधाकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष गेले. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीच्या प्रयोगशाळेत सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. आणि १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. मुंबईतील एका वैद्याच्या कार्याचा हा गौरव आपल्याला अभिमानास्पद वाटावा यात नवल नाही.

परंतु अभिमान बाजूला ठेवून या निबंधाकडे पाहिले, तर त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट दिसते. त्यात मोजलेली वस्तू म्हणजे रक्तदाबमापकावरील पाऱ्याची उंची. पारा उतरला हे त्यातून कळते. रोग्याचे आयुष्य वाढले की नाही, त्याचा पक्षाघात टळला की नाही, हे कळत नाही. शिवाय चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रोग्यांची यदृच्छ वाटणी करून दोन गटांची तुलना करण्याची रीतही त्यात नाही. १९४९ साली ती अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. त्या काळी रक्तदाब कमी करणे हितावह आहे की अहितकारक, याविषयीच वैद्यांत मतभेद होते. अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढलेला दाब आवश्यक असावा, असे मानणारेही विद्वान होते.

हा वाद मिटण्यास आणखी अठरा वर्षे लागली. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबाचा खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांची त्यात वाटणी करण्यात आली. ७३ जणांना तीन औषधांचे मिश्रण मिळाले आणि ७० जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषधाचा अंश नसलेल्या गोळ्या मिळाल्या. औषधाविना राहिलेल्या गटात गंभीर आपत्ती २७ जणांवर आल्या. औषध घेतलेल्या गटात केवळ दोघांवर. त्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. म्हणजे वकील यांनी जगापुढे आणलेल्या वनस्पतीचे खरे सामर्थ्य, अन्य दोन औषधांच्या संगतीने का होईना, या वेळी सिद्ध झाले. पारा उतरणे आणि प्राण वाचणे या दोन घटनांमध्ये जे अंतर होते, ते या अभ्यासाने भरून काढले. १९४९ च्या निबंधाचे महत्त्व याने उणावत नाही. उलट त्याचे नेमके स्थान कळते. तो आरंभ होता, निर्णय नव्हता.

हे अंतर नेहमीच असे सुखद रीतीने भरून निघते असे मात्र नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांच्या ठोक्यांत अनियमितता दिसली तर त्यांना आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो, हे १९८० च्या दशकात सर्वमान्य होते. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे ती अनियमितता उत्तम रीतीने दाबून टाकीत. त्यावरून ही औषधे प्राण वाचवीत असली पाहिजेत, असे अनुमान काढण्यात आले आणि असंख्य रोग्यांना ती देण्यात आली. मग 'कास्ट' या नावाने ओळखला जाणारा अभ्यास झाला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतानुसार औषध घेतलेल्या ७५५ रोग्यांपैकी ६३ मरण पावले, तर औषधाविना गोळी घेतलेल्या ७४३ पैकी केवळ २६. हृदयाचा आलेख सुधारला होता. रोगी मात्र दगावत होते.

या दोन उदाहरणांतून निघणारा बोध एकच आहे. रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, हृदय दर आकुंचनात किती टक्के रक्त बाहेर टाकते तो अंश, धमनीतील अडथळ्याची टक्केवारी, हे सर्व आकडे म्हणजे खुणा होत. खूण बदलली म्हणजे गंतव्य बदललेच, असे गृहीत धरता येत नाही. ज्या जाहिरातीत अथवा निबंधात केवळ खुणांचे आकडे असतात आणि मृत्यू, झटका, पक्षाघात यांविषयी मौन असते, तेथे वाचकाने थबकलेच पाहिजे.

३

दुसरा प्रश्न तुलनेचा. 'उपचारानंतर रोग्याला बरे वाटले' हे विधान खरे असूनही पुरावा म्हणून दुबळे असू शकते. छातीतील दुखणे दिवसागणिक कमीजास्त होत असते. रोगी बहुधा ते अतिशय वाढलेले असतानाच वैद्याकडे जातो, आणि अशा वेळी काहीही केले वा न केले तरी पुढे ते थोडेफार उतरण्याचा संभव असतो. शिवाय उपचार झाला या जाणिवेनेच मनाला धीर येतो, आणि धीर आला की पायांतही बळ येते. म्हणूनच 'आधी असे होते, नंतर तसे झाले' एवढ्यावर उभारलेले संशोधन परीक्षकाला पुरेसे वाटत नाही.

या दृष्टीने 'ऑर्बिटा' हा इंग्लंडमधील अभ्यास फार उद्बोधक आहे. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. परिश्रम केले असता छातीत दुखणाऱ्या, परंतु प्रकृती स्थिर असलेल्या आणि एकाच धमनीत सत्तर टक्के अथवा अधिक अडथळा असलेल्या २०० रोग्यांची त्यात वाटणी करण्यात आली. एका गटावर अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवण्यात आला. दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियागारात नेऊन, गुंगी देऊन, धमनीत नळी घालून सर्व विधी करण्यात आले. केवळ स्टेंट बसवला नाही. कोणाला काय मिळाले हे रोग्यास ठाऊक नव्हते, आणि पुढे त्याची तपासणी करणाऱ्यांसही ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनंतर व्यायामयंत्रावर चालण्याच्या कालावधीत दोन गटांतील फरक १६.६ सेकंदांचा निघाला, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला तोही टिकला नाही. जे श्रेय स्टेंटला दिले जात होते, त्यातला मोठा वाटा विधीला आणि विश्वासाला होता, असा याचा अर्थ होतो.

परंतु परीक्षकाने येथेच थांबणे योग्य होणार नाही. 'ऑर्बिटा'मधील रोगी दुखण्यावरील औषधे भरपूर प्रमाणात घेत होते. त्यामुळे स्टेंटला करण्यासारखे फारसे उरलेच नव्हते, असा आक्षेप घेण्यात आला. त्याच संशोधकांनी तो आक्षेप गांभीर्याने घेतला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात ३०१ रोग्यांची दुखण्यावरील औषधे बंद ठेवून तीच लटकी शस्त्रक्रिया व खरी शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यात आली. या वेळी बारा आठवड्यांनंतर स्टेंट बसवलेल्या रोग्यांचे दुखणे स्पष्टपणे कमी आढळले, आणि चालण्याच्या कालावधीतील फरक सुमारे एक मिनिटाचा निघाला. आपल्याच निष्कर्षाला आपणच पुन्हा कसोटीवर लावण्याची ही वृत्ती अनुकरणीय आहे. पहिल्या अभ्यासाने गाजावाजा झाला. दुसऱ्याने न्याय झाला.

दुखणे कमी होणे आणि आयुष्य वाढणे या दोन गोष्टी मात्र येथेही वेगळ्या ठेवावयास हव्यात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात ३७ देशांतील ५१७९ स्थिर प्रकृतीचे रोगी होते. एका गटाला औषधांसह अँजिओप्लास्टी अथवा बायपास आणि दुसऱ्या गटाला आरंभी केवळ औषधे, अशी वाटणी होती. सरासरी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पहिल्या गटात १४५ व दुसऱ्या गटात १४४ मृत्यू झाले. ज्यांना वारंवार दुखत होते त्यांचे दुखणे पहिल्या गटात अधिक कमी झाले. परंतु आयुष्याच्या बाबतीत कोणाचेही पारडे जड ठरले नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. कारण तो न दिल्यास हे विवेचन घातक ठरेल. वरील दोन्ही संशोधने स्थिर प्रकृतीच्या रोग्यांपुरती आहेत. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाची शक्ती फार क्षीण झालेले, किंवा नुकताच झटका येऊन गेलेले रोगी 'इस्केमिया'मध्ये घेतलेलेच नव्हते. प्रत्यक्ष झटका येऊन धमनी पूर्णपणे बंद होते, तेव्हा ती तातडीने उघडल्याने प्राण वाचतात, याविषयी संशोधनात मतभेद उरलेला नाही. 'अँजिओप्लास्टी निरुपयोगी ठरली' असा मथळा देणारे आणि 'अडथळा दिसला की स्टेंट' असे सांगणारे, दोघेही एकच चूक करतात. दोघेही रोग्यांच्या दोन भिन्न वर्गांना एका नावाखाली आणतात.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व आपल्याकडे विशेष आहे. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साध्या स्टेंटची किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये, अशा त्या वेळच्या मर्यादा होत्या. लोकांना त्यामुळे दिलासा मिळाला, हे निर्विवाद. परंतु वस्तू स्वस्त झाल्याने तिची गरज सिद्ध होत नाही. किंमत किती, हा शासनाने सोडवावयाचा प्रश्न आहे. गरज आहे काय, हा संशोधनाने. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, असे समजणे हा विचारातील आळस होय.

४

हीच कसोटी आता परंपरागत उपचारांना लावू. योगाभ्यासाने हृदयरोग्याचे भले होते, हा विश्वास आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याची परीक्षा घेणेच काहींना अप्रशस्त वाटते. ती परीक्षा भारतातच, मोठ्या प्रमाणावर आणि प्रामाणिकपणे झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. 'योगा-केअर' या नावाने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील २४ रुग्णालयांतील, नुकताच झटका येऊन गेलेले ३९५९ रोगी होते. एका गटाला नेहमीच्या उपचारांसह बारा आठवड्यांचा योगाचा क्रम आणि दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांसह समुपदेशन मिळाले. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अथवा तातडीने रुग्णालयात दाखल होणे यांपैकी काही आपत्ती योगगटात १३१ जणांवर, तर दुसऱ्या गटात १४६ जणांवर आली. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकेल इतका अल्प आहे. आपल्या प्रकृतीविषयी रोग्यांनी स्वतः दिलेले गुण मात्र योगगटात किंचित अधिक होते, आणि नित्याच्या कामाकडे परतण्याच्या बाबतीतही तो गट सरस ठरला.

या निष्कर्षाचे वाचन दोन विपरीत रीतींनी होऊ शकते. 'योगाने मृत्यू टळतो हे सिद्ध झाले' असे म्हणणे असत्य आहे. 'योग निष्फळ ठरला' असे म्हणणेही तितकेच असत्य आहे. कारण अपेक्षेपेक्षा आपत्तींची संख्या कमी पडल्यामुळे लहानसा लाभ असलाच, तर तो पकडण्याचे सामर्थ्य या अभ्यासात उरले नव्हते. योग निरपाय आहे, रोग्याला धीर देतो, कामावर परतण्यास साहाय्य करतो, आणि आयुष्याविषयीचा प्रश्न अनिर्णित आहे, इतकेच विधान पुराव्याला पेलते.

अर्जुनवृक्षाच्या सालीची कथाही अशीच आहे. इंदूर येथे झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अत्यवस्थ हृदयदौर्बल्याच्या १२ रोग्यांवर तिचा चांगला परिणाम दिसला. त्याची पद्धती काटेकोर होती. पण बारा ही संख्या फार लहान. पुढे दिल्लीतील संशोधकांनी १०० रोग्यांवर बारा आठवडे तिचा प्रयोग केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतानुसार रोग्यांची हालचाल करण्याची शक्ती काहीशी सुधारली, पण हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताच्या अंशात सुधारणा आढळली नाही. लहान अभ्यासातील तेज मोठ्या अभ्यासात मंदावते, हा अनुभव वैद्यकाच्या इतिहासात इतक्या वेळा आलेला आहे की, तो अपवाद नसून नियमच समजावा.

मोठ्या अभ्यासालाही एक मोह असतो. तो म्हणजे त्याचे तुकडे पाडून मनाजोगता निष्कर्ष शोधणे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'आयसिस-२' हा अभ्यास याचे विनोदी, पण बोधप्रद उदाहरण आहे. झटक्याच्या १७,१८७ रोग्यांवरील या अभ्यासाने अ‍ॅस्पिरिन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज यांचे सामर्थ्य निर्विवाद सिद्ध केले. दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत ८ टक्के रोगी हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावले. दोन्हींपैकी एकही न मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के. संपादकांनी वयोगट इत्यादींनुसार पोटविभागणी मागितली, तेव्हा संशोधकांनी ती दिली. पण तिच्या जोडीला राशींनुसारही विभागणी दिली. तीत मिथुन आणि तूळ राशीच्या रोग्यांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही, असे 'सिद्ध' झाले! पुरेसे तुकडे पाडले की कोणत्याही संशोधनातून कोणतेही फलित काढता येते, हे याहून सुबोध रीतीने सांगणे कठीण. राशिभविष्य नित्य वाचणाऱ्या आपल्या समाजाला तर हा दृष्टान्त सहज कळावा.

५

तिसरा प्रश्न रोग्याचा. पुष्कळसे संशोधन समृद्ध देशांत आणि तेथील रोग्यांवर होते. त्याचे निष्कर्ष मुरबाड अथवा शहापूर तालुक्यातून कल्याणला येणाऱ्या रोग्याला तसेच्या तसे लागू पडतात, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. सांधेतापाने हृदयाची झडप निकामी होण्याचा विकार पाश्चात्त्य देशांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. दारिद्र्य आणि दाटीची वस्ती जेथे आहे तेथे तो टिकून आहे. अशा रोग्यांच्या ठोक्यांत अनियमितता आली की रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचे भय निर्माण होते. ते टाळण्यासाठी जुन्या पद्धतीची औषधे घेताना वारंवार रक्ततपासणी करावी लागते. रिव्हारोक्सबान या नव्या औषधाला ती लागत नाही. अन्य कारणांनी होणाऱ्या अनियमिततेत नवे औषध जुन्याच्या तोडीचे ठरले असल्यामुळे येथेही ते तसेच ठरेल, असा तर्क स्वाभाविक होता.

'इन्व्हिक्टस' या अभ्यासाने तो तर्क फोल ठरवला. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका येथील २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक रोगी त्यात होते; त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के आणि सरासरी वय ५०. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार नव्या औषधाच्या गटात २२७५ पैकी ५६० जणांवर, तर जुन्या औषधाच्या गटात २२५६ पैकी ४४६ जणांवर मृत्यू अथवा पक्षाघातासारखी आपत्ती आली. जुने, स्वस्त औषध श्रेष्ठ ठरले. याचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. जुन्या औषधामुळे रोग्याला तपासणीसाठी वारंवार वैद्याकडे यावे लागते आणि त्या भेटीतच काही लाभ होत असावा, अशी एक शंका व्यक्त झाली आहे. ती खरी असल्यास समाजशास्त्राच्या अभ्यासकाला तेथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. काही असले तरी, गरीब देशांतील रोग्यांवर स्वतंत्र प्रयोग झाला नसता तर एक अहितकर पद्धत आपण आधुनिक म्हणून स्वीकारून बसलो असतो.

याच्या उलट, आपल्याकडील परिस्थिती ध्यानी घेऊन रचलेला विचार म्हणजे रक्तदाबाची व चरबीवरील औषधे एकाच गोळीत एकत्र करण्याचा. 'टिप्स-३' या अभ्यासात ५७१३ लोक होते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता. अशी गोळी घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के आणि औषधाविना गोळी घेणाऱ्यांपैकी ५.५ टक्के लोकांवर हृदयविषयक आपत्ती आली. फरक लहान आहे, आणि निश्चिततेच्या अगदी काठावर आहे. पुष्कळांनी गोळी मध्येच सोडली, हेही त्याचे एक कारण. परंतु सबंध समाजाच्या हिशेबात असा लहान फरकही तुच्छ मानता येत नाही.

६

आता या सर्व विवेचनाला व्यापून राहणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून २०,४६८ रोग्यांची नोंद करणारे 'क्रिएट' हे सर्वेक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास, आढळला. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळण्यास मात्र ५० मिनिटे लागत होती. विलंबाचा मोठा भाग रुग्णालयाच्या दाराबाहेर होता. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के आणि श्रीमंतांत ५.५ टक्के होते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतला असता हे अंतर नाहीसे झाले. गरीब अधिक मरत होते ते त्यांचे शरीर वेगळे होते म्हणून नव्हे, तर सिद्ध झालेले उपचार त्यांना कमी मिळत होते म्हणून.

या सर्वेक्षणालाही मर्यादा आहे. जो रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, तो या नोंदीत नाही. त्यामुळे वस्तुस्थिती याहूनही कठोर असण्याचा संभव आहे. तथापि आपल्या परिसराचा विचार करताना हे आकडे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहेत. कल्याण हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ५४ किलोमीटर आहे. सकाळी मुंबईकडे गेलेला नोकरदार दिवसाचे दोनतीन तास गाडीत घालवतो. छातीत कळ आली तर ती अपचनाची समजून पुढचे स्थानक गाठण्याकडे त्याचा कल असतो. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही नगरसंस्थांची रुग्णालये लोकांना ठाऊक आहेत. परंतु अमुक लक्षण दिसताच किती वेळात आणि कोठे जावयाचे, हे ज्ञान त्या मानाने फार विरळ आहे. 'आयसिस-२' मधील दोन्ही औषधे जुनी असून अ‍ॅस्पिरिन तर अगदी अल्प किमतीचे आहे. त्यांच्याविषयी नवे संशोधन नको आहे. ती वेळेवर पोहोचण्याविषयी हवे आहे.

येथे आपल्या विभागाला करण्यासारखे काम आहे. दुखणे सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा वेळ कोठे कोठे खर्च होतो, घरच्यांचा निर्णय कसा होतो, शेजारी काय सुचवतो, वाहन केव्हा मिळते, पैशाची जुळणी किती वेळ घेते, याचा अभ्यास स्टेथोस्कोपाविना करता येतो. शहापूर-मुरबाडचा शेतकरी, डोंबिवलीचा नोकरदार आणि ठाण्याचा कारखानदार या तिघांच्या सहा तासांचा हिशेब सारखा निघणार नाही, आणि तो भेदच या अभ्यासाचा विषय आहे. दुसरे काम भाषेचे. यदृच्छ वाटणी, तुलनागट, खूण आणि फलित यांतील भेद, या कल्पना मराठीत सुबोध करून सांगणारे लेखन फार थोडे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ज्या संस्थांनी या परिसराला वाचावयास शिकवले, त्यांच्याच सभागृहांत संशोधन कसे वाचावे हेही शिकवता येईल.

वकील यांच्या निबंधापासून निघालेला हा मार्ग शेवटी एका साध्या निर्णयाशी येतो. ज्या उपचाराने आकडा सुधारतो त्याचे स्वागत करावे, पण त्यावर विसंबू नये. ज्या उपचाराने रोग्याला बरे वाटते त्याचा आदर करावा, पण तुलना मागावी. आणि जो उपचार खरोखर प्राण वाचवतो असे सिद्ध झाले आहे, तो कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे विचारल्यावाचून संशोधनाचे परीक्षण पुरे झाले असे मानू नये.